वजनकाट्यावरचे मूल

कोल्हापुरात पोराला तालमीत घातले की घरचे निर्धास्त होतात. वस्तादांच्या नजरेखाली तो पहाटे उठेल, जोर-बैठका मारेल, वेळेवर खुराक घेईल आणि वाईट संगतीला लागणार नाही, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास बहुतेक वेळा खराही ठरतो. मात्र मुलांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की आपले लक्ष मारहाण आणि लैंगिक त्रास यांवरच थांबते. स्पर्धेआधीच्या दोन दिवसांत वजन उतरवण्यासाठी मुलाच्या शरीरातून पाणी काढले जाते, त्याकडे कोणी या दृष्टीने पाहत नाही.

मातीतल्या कुस्तीत हा प्रश्न फारसा नव्हता, कारण खासबागेत असो वा गावच्या जत्रेत, जोड नजरेने लावली जाते. मॅटवर मात्र काटा बोलतो. साडेपन्नास किलोचा चौदा वर्षांचा मुलगा ५२ किलोच्या वजनगटात हलका पडेल म्हणून ४८ मध्ये उतरवायचा ठरतो. मग जेवण तुटते, अंगात प्लास्टिकचा सूट आणि वर जर्किन घालून रंकाळ्याभोवती पळणे सुरू होते, शेवटच्या रात्री तर पाण्याचा घोटही मिळत नाही. ओठांना पापुद्रे येतात आणि लघवी कोऱ्या चहासारखी होते.

असे झटपट उतरलेले अडीच किलो म्हणजे चरबी नव्हे, मुख्यतः पाणी. स्नायूंतल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साठवलेल्या साखरेच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते, तेही साठ्यासोबत जाते. रक्तातले पाणी घटल्यावर तेवढाच पुरवठा करण्यासाठी हृदयाला जलद धडधडावे लागते, घाम आटतो आणि स्नायूंनी निर्माण केलेली उष्णता बाहेर पडण्याची वाटच बंद होते. त्यातच क्षारांचे प्रमाण बिघडले तर हृदयाचा ठेकाही चुकू शकतो. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तीन महाविद्यालयीन मल्ल असेच वजन उतरवताना महिन्याभराच्या अंतरात दगावले, तेव्हा तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत रबरी सूट आणि वाफेच्या खोल्यांवर बंदी आली आणि शरीरात पुरेसे पाणी असल्याचे लघवी तपासून पाहिल्यावरच मल्लाचे किमान वजन ठरू लागले.

ते तिघे वयाने मोठे होते. वाढीच्या वेगाच्या शिखरावर मुलगा वर्षाला नऊ-दहा सेंटीमीटर उंच होतो आणि प्रौढपणीच्या हाडांतल्या खनिजांचा सुमारे पाव हिस्सा या शिखराच्या आगेमागे दोनच वर्षांत साठतो. नेमक्या याच काळात त्याला जुन्या गटात कोंबून ठेवणे म्हणजे दरवर्षी तोकडा होत जाणारा सदरा जबरदस्तीने चढवण्यासारखे आहे. मुलींमध्ये उपासमारीचा इशारा पाळी लांबण्यातून किंवा थांबण्यातून मिळतो. तो ‘व्यायामामुळे होतेच’ म्हणून सोडून दिला जातो, हे मला अधिक गंभीर वाटते.

मूल नकार का देत नाही, याचे उत्तर धाकापेक्षा मायेत जास्त आहे. ज्या वस्तादांनी दूध-बदाम स्वतःच्या हाताने दिले, त्यांना ‘मला चक्कर येते’ म्हणणे त्याला कृतघ्नपणा वाटतो. शिवाय शेजारचा पठ्ठा तेच निमूट सोसत असतो. म्हणून मुलाची ‘तयारी आहे’ ही संमती धरता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७५ ही जबाबदारी मोठ्यांवरच टाकते: ताब्यातल्या मुलाला अनावश्यक शारीरिक वा मानसिक यातना होतील असे वागणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तालमीला यासाठी फार खर्च नाही. दर रविवारी व्यायामाआधी वजन घेऊन वहीत लिहावे, ती वही पालकांनी पाहावी, आठवड्यात दीड टक्क्याहून जास्त घट दिसली तर मुलाला मॅटवर उतरवू नये आणि गट स्पर्धेच्या आदल्या दिवशी नव्हे, हंगामाच्या सुरुवातीला ठरवावा. १०९८ हा बालकांसाठीचा मोफत मदत क्रमांक कुस्तीच्या मातीच्या हौद्याशेजारच्या भिंतीवर, मुलांच्या उंचीला, रंगवून घ्यावा.