प्रश्न आधी छापला, तरी नंतर का दिसतो?

पणजी किंवा फोंड्याच्या महाविद्यालयात सी भाषा शिकणारा विद्यार्थी ‘तुमचे वय सांगा’ असा प्रश्न प्रिंटएफने छापतो आणि पुढच्या ओळीत स्कॅनएफने उत्तर घेतो. टर्मिनलवर हे सहसा सुरळीत चालते. मात्र काही एडिटरांच्या आउटपुट खिडकीत तोच प्रोग्रॅम मुकाट्याने उत्तराची वाट पाहत बसतो आणि सगळे प्रश्न शेवटी एकदम ओततो.

प्रिंटएफ मजकूर थेट पडद्यावर पाठवत नाही, तो आधी बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, साठवतो, कारण प्रत्येक अक्षरासाठी ऑपरेटिंग सिस्टीमला हाक मारणे खर्चिक असते. रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोटही एकेका प्रवाशासाठी सुटत नाही. बफर कधी रिकामा व्हायचा, हे आउटपुट कुठे जाते त्यावर ठरते. समोर टर्मिनल असेल तर ओळ संपताच तो रिकामा होतो; फाइल किंवा पाइप (एका प्रोग्रॅमचे आउटपुट दुसऱ्याकडे नेणारी वाट) असेल तर तो भरेपर्यंत (लिनक्सवर पाइपसाठी सहसा ४०९६ बाइट) मजकूर आतच राहतो. एडिटरची खिडकी ही बहुधा पाइपच असते. चुकांचे संदेश नेणाऱ्या एसटीडीइआरआर या प्रवाहाला बफर नसल्यामुळे ते रांग मोडून पुढे आलेले दिसतात, तेही याचमुळे. प्रश्न छापल्यावर एसटीडीआउट या नेहमीच्या आउटपुट प्रवाहासाठी एफफ्लश हे बफर रिकामा करणारे फंक्शन बोलावले की हा घोळ मिटतो.

इनपुटचे दुखणे वेगळे आहे. एंटर दाबेपर्यंत टर्मिनल ओळ स्वतःकडेच ठेवते. नंतर स्कॅनएफ त्यातला आकडा उचलतो आणि ओळसमाप्तीचे चिन्ह मागे सोडतो. पुढे ‘हो की नाही’ यासाठी एक अक्षर वाचायला गेले, की तेच चिन्ह हाती लागते आणि दुसरा प्रश्न गाळल्यासारखा वाटतो. हे उरलेले चिन्ह टाकून देण्यासाठी एसटीडीआयएन या इनपुट प्रवाहाला एफफ्लश करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण इनपुट प्रवाहावर त्याचा परिणाम काय व्हावा, हे सीच्या मानकाने ठरवलेलेच नाही. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या लायब्ररीत तो चालत असे, व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून तो तिथेही चालत नाही.

अक्षर वाचताना स्कॅनएफला दिलेल्या ‘%c’ मधल्या टक्केवारीच्या खुणेआधी एक मोकळी जागा सोडली, तर स्कॅनएफ ते चिन्ह ओलांडतो. माझ्या मते तरी पूर्ण ओळ एफगेट्सने घेऊन मग तिच्यातून आकडा काढणे अधिक भरवशाचे आहे, कारण कोणी आकड्याऐवजी ‘चाळीस’ असे अक्षरांत लिहिले, तर स्कॅनएफ ती अक्षरे तशीच सोडतो आणि आकडा मिळेपर्यंत पुन्हा विचारणारा लूप त्यांच्यावरच अडखळून अखंड फिरत राहतो.