भाषा-अध्ययन संशोधनातील सामान्यीकरण

मोजक्या शिकणाऱ्यांच्या अभ्यासातून निघालेला निष्कर्ष इतर माणसांना, इतर भाषांना आणि वेगळ्या परिस्थितीला कितपत लागू होतो, हे ठरवण्याची रीत. संशोधनशास्त्रात याला बाह्य सप्रमाणता म्हणतात. अभ्यासापुरता तरी निष्कर्ष खरा आहे ना, हा प्रश्न अंतर्गत सप्रमाणतेचा. तिथेच गडबड असेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. गोव्यात मूल घरी कोकणी बोलते, शाळेत मराठीत शिकते, टीव्हीवर हिंदी ऐकते आणि पालकांचे लक्ष इंग्रजीकडे असते. त्यामुळे परगावच्या संशोधनाचा हवाला देऊन शाळेचे माध्यम ठरवण्याचा मोह इथे फार आणि त्याची किंमत मुले मोजतात.

‘इंग्रजी लहानपणीच सुरू करा, नंतर जमत नाही’ हे विधान पालकसभांत नेहमी ऐकू येते. त्यामागे ज्या अभ्यासाचे बळ आहे, तो जॉन्सन आणि न्यूपोर्ट यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात चिनी किंवा कोरियन मातृभाषेची ४६ माणसे होती. ती ३ ते ३९ या वयांत अमेरिकेत आली होती आणि तिथल्या विद्यापीठाशी जोडलेली होती. लहानपणी आलेल्यांचे इंग्रजी व्याकरण चांगले निघाले. पुढे २००१ मध्ये बर्डसाँग आणि मॉलिस यांनी तीच चाचणी ६१ स्पॅनिश भाषकांना दिली. वयाचा परिणाम दिसला, पण मोठेपणी आलेल्यांपैकी काहीजण मूळ इंग्रजी भाषकांच्या तोडीचे निघाले. मातृभाषा बदलताच निष्कर्षाची धार बदलली. शिवाय ही सगळी माणसे इंग्रजी बोलणाऱ्या देशात राहत होती. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या गावच्या शाळेत इंग्रजी तासापुरतेच येते, तिथे त्या वयोमर्यादेचा आधार घेता येत नाही. अशा परिस्थितीला बार्सिलोनातला अभ्यास अधिक जवळचा आहे. तिथल्या कॅटलन-स्पॅनिश मुलांपैकी काहींनी आठव्या वर्षी, काहींनी अकराव्या वर्षी शाळेत इंग्रजी सुरू केले. शिकवणीचे तास सारखे झाल्यावर तुलना केली, तेव्हा उशिरा सुरू केलेली मुले पुढे होती. अर्थात बार्सिलोना म्हणजे सत्तरीतले वाळपई नव्हे, हेही तितकेच खरे.

चुका मोजताना काय घडते, हे वर्गातल्या एका वाक्यावरून कळते. मुलगी मराठी निबंधात धाकट्या बहिणीबद्दल लिहिते, ‘ते शाळेत गेले’. परीक्षक लिंगाची चूक म्हणून खूण करतो. गोव्याच्या कोकणीत मात्र लहान मुलीविषयी आणि तरुण स्त्रीविषयी बोलताना नपुंसकलिंग सर्रास वापरतात. म्हणजे तिचा लिंगविचार कच्चा नाही, घरचा नियम ती शाळेत घेऊन आली आहे. पुण्यातल्या मुलांसाठी केलेली चाचणी इथे तशीच वापरली, तर ‘गोव्यातल्या मुलांना मराठी लिंगव्यवस्था जड जाते’ असा निष्कर्ष निघेल आणि तो आकड्यांत पक्का दिसेल.

चाचणीतल्या शब्दांचेही तसेच आहे. भाषा-मानसशास्त्राचे अभ्यासक क्लार्क यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की संशोधक निवडलेल्या माणसांच्या नमुन्याची काळजी घेतात, पण निवडलेले शब्दही नमुनाच असतात हे विसरतात. कोकणी मुलाला ‘हात’, ‘घर’ विचारले तर त्याचे मराठी उत्तम ठरेल. ‘पाणी’ विचारले, तर त्याच्या घरचे ‘उदक’ आड येईल. वीस शब्दांची यादी कुणी आणि कशी निवडली, यावर निकाल फिरू शकतो.

त्याहून बिकट प्रश्न शाळेच्या फॉर्मवरच्या ‘मातृभाषा’ या रकान्याचा. गोव्याच्या पेडणे तालुक्यातले एखादे कुटुंब कोकणी बोलते, देवळात आणि पत्रव्यवहारात मराठी वापरते आणि रकान्यात मराठी लिहिते. सासष्टी तालुक्यातल्या ख्रिस्ती घरात प्रार्थना रोमी म्हणजे रोमन लिपीतल्या कोकणीतून होते आणि देवनागरी शाळेतच भेटते. वास्कोच्या सरकारी मराठी शाळेत घरी कन्नड बोलणारी मुलेही बसतात. या तिघांची सरासरी काढली, तर ती तिघांपैकी कुणाचीच नसते.

माध्यमांची तुलना तर फारच जपून करावी लागते. गोव्यात १९९० पासून प्राथमिक स्तरावर सरकारी अनुदान कोकणी आणि मराठी शाळांपुरते होते. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या शाळांसाठीही ते खुले करण्याचा निर्णय झाला आणि त्यावरून मोठा वाद पेटला. दोन्ही बाजू मुलांच्या गुणांकडे बोट दाखवतात. पण कोणत्या शाळेत घालायचे हे पालक ठरवतात. त्यांचे शिक्षण, मिळकत, शाळेचे अंतर, घरातली पुस्तके हे सगळे गुणांत मिसळलेले असते. नुसत्या निकालपत्रांवरून माध्यमाचा परिणाम सांगणे चूक आहे, मग तो आपल्याला आवडो वा न आवडो.

तुलना नीट कशी शोधावी, याचा भारतीय नमुना अजित मोहंती यांच्या ओडिशातल्या कंध समाजाच्या अभ्यासात आहे. या समाजाचा काही भाग कुई आणि ओडिया दोन्ही बोलतो, तर काही भागातून कुई लुप्त होऊन फक्त ओडिया उरली. संस्कृती आणि राहणीमान बरेच सारखे, फरक मुख्यतः भाषांचा. अशा तुलनेत द्विभाषिक मुले सरस ठरली, म्हणून त्या निष्कर्षाला वजन आहे. याउलट १९७९ ते १९८४ दरम्यान दक्षिण भारतात चाललेल्या एन. एस. प्रभू यांच्या, कृतीतून इंग्रजी शिकवण्याच्या बंगळूर प्रकल्पाचे मूल्यमापन अडखळले. तयार वर्ग जसेच्या तसे घ्यावे लागले आणि प्रकल्पाच्या वर्गांवर शिकवणाऱ्यांत शिक्षक-प्रशिक्षकही होते. फरक पद्धतीचा की शिकवणाऱ्यांचा, हे वेगळे काढणे अवघड झाले. कृतिकेंद्री अध्यापनाला या प्रकल्पाने दिलेली दिशा मात्र मोलाचीच.

एकाच अभ्यासावर विसंबू नये, हे सगळे मानतात. पुनःपरीक्षण, म्हणजे तोच अभ्यास पुन्हा करून पाहणे, मात्र क्वचित होते. २०१८ च्या एका आढाव्यात दुसऱ्या भाषेच्या संशोधनात सुमारे ४०० लेखांमागे एक पुनःपरीक्षण आढळले. द्विभाषिकतेच्या फायद्यांवरच्या संशोधनात अनुकूल निकाल प्रतिकूल निकालांपेक्षा अधिक छापले जातात, हेही २०१५ मध्ये दिसून आले. त्यामुळे छापील लेखांची नुसती बेरीज करून फसगत होते.

गोव्यापुरते पाहिले तर मातृभाषेच्या एका रकान्याऐवजी मूल आईशी, आजीशी, शेजाऱ्यांशी आणि मित्रांशी काय बोलते, प्रार्थना कोणत्या लिपीत वाचते, हे वेगवेगळे नोंदवावे लागते. कोकणीच्या नियमातून आलेल्या चुका आणि शिकण्यातल्या चुका निराळ्या मोजाव्या लागतात. तिसवाडी तालुक्यातला निष्कर्ष काणकोण तालुक्यात पुन्हा तपासून पाहावा लागतो आणि तो टिकला नाही, तर तेही छापावे लागते.