रद्दीतल्या सुपरहिरोंना जाड खंड कसे मिळाले

जून 1938 च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’मध्ये जेरी सीगल आणि जो शूस्टर यांचा सुपरमॅन पहिल्यांदा झळकला, तेव्हा अंकाची किंमत होती 10 सेंट. हलका न्यूजप्रिंट, चार रंगांची ढोबळ छपाई, वाचून झालं की रद्दी. महायुद्धाच्या काळात कागद गोळा करण्याच्या मोहिमांत असे ढीगभर अंक गेले. हे कुणी जपून ठेवील, असं काढणाऱ्यांनाही वाटत नव्हतं. त्याच गोष्टी आज शेकडो पानांच्या बांधीव खंडांत निघतात आणि आवडीने वाचल्या जातात.

त्यांच्यातला निखळ खेळकरपणा प्रामुख्याने 1954 नंतरचा. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात, असा आरोप मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी केला. अमेरिकेच्या सिनेट उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि धास्तावलेल्या प्रकाशकांनी स्वतःहून ‘कॉमिक्स कोड’ ही नियमावली स्वीकारली. तिने भयकथा आणि गुन्हेगारी कथांचा धंदा बसला, ते नुकसान मोठंच होतं. सुपरहिरोंच्या लेखकांपुढे मात्र वेगळाच पेच आला: रक्त सांडायचं नाही, तर वाचकाला धरून ठेवायचं कशाने? उत्तर होतं अफाट कल्पना.

सुपरमॅन काढणाऱ्या डीसी या प्रकाशनसंस्थेचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ अनेकदा आधी मुखपृष्ठ ठरवत आणि मग लेखकाला त्यावरून गोष्ट रचायला लावत. विजेच्या वेगाने धावणाऱ्या सुपरहिरोच्या, ‘द फ्लॅश’चा 1961 सालचा 123 वा अंक पाहा. मधोमध विटांची भिंत, तिच्या एका बाजूला जुना फ्लॅश, दुसऱ्या बाजूला नवा. दोघंही एकाच माणसाला वाचवायला धावतायत आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. हे चित्र पाहून पान न उलटणारं मूल विरळाच! श्वार्ट्झ यांनी 1956 मध्ये नव्याने उभा केलेला फ्लॅश आणि चाळीसच्या दशकातला फ्लॅश वेगवेगळ्या पृथ्वींवर राहतात, ही कल्पना याच अंकातून रुजली. तिकडे मॉर्ट वाइझिंगर यांच्या देखरेखीखाली निघणाऱ्या सुपरमॅनवर लाल क्रिप्टोनाइट या काल्पनिक खनिजाचा दर वेळी नवाच परिणाम व्हायचा. 1963 च्या एका अंकात तर त्याला चक्क मुंगीचं डोकं आलं. चित्रं आणि संवाद अगदी गंभीरपणे रंगवलेले, म्हणून तर मजा.

पुढचा अंक वाचकाला मिळेलच याची खात्री नसायची. त्यामुळे बहुतेक गोष्टी त्याच अंकात संपायच्या. एकेका अंकात दोन-तीनही असायच्या. मार्व्हल या दुसऱ्या प्रकाशनसंस्थेत लेखक-संपादक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी 1961 पासून गोष्टी लांबवायला, एकमेकींत गुंतवायला सुरुवात केली, पण विनोद आणि वेग त्यांनीही सोडला नाही.

पुनर्मुद्रणं तशी लवकर सुरू झाली. 1960 मध्ये सुपरमॅनचा 80 पानांचा, 25 सेंटचा वार्षिक अंक जुन्या गोष्टींवरच निघाला. 1986 मध्ये काळोख्या, प्रौढ सुपरहिरोंची लाट आली. त्या कथांच्या एकत्रित आवृत्त्यांमुळे पुस्तकांच्या दुकानांत कॉमिक्सला फळी मिळाली आणि त्याच फळीवर पुढे जुन्या, हसऱ्या गोष्टीही येऊन बसल्या. मार्व्हलचे पुनर्मुद्रित खंड ‘मास्टरवर्क्स’ 1987 मध्ये आले, डीसीचे ‘आर्काइव्ह्ज’ 1989 मध्ये.

इथे एक अडचण होती. अनेक जुन्या पानांची मूळ चित्रं किंवा छपाईची फिल्म उरलीच नव्हती. ग्रेग थीकस्टन यांनी त्यावर रासायनिक उपाय काढला: छापील पानावरचे रंग धुऊन टाकायचे, म्हणजे काळ्या रेषा तेवढ्या उरतात. त्या रेषांवर नव्याने रंग भरता येत. या खटाटोपात जुना अंक मात्र कायमचा जायचा.

हे खंड महाग असत. म्हणून माझ्या मते खरं उपकाराचं काम केलं ते स्वस्त, कृष्णधवल जाडजूड खंडांनी: 1996 पासून मार्व्हलचे ‘इसेन्शियल’ आणि 2005 पासून डीसीचे ‘शोकेस प्रेझेंट्स’. जवळपास पाचशे पानं, साधा कागद. रंग नसल्याने ‘फ्लॅश’चे चित्रकार कार्माइन इन्फँटिनो यांची धावती रेघ उलट जास्त उठून दिसते. रंगीत खंडांबद्दल जुन्या वाचकांची एक तक्रार अजून ऐकू येते: न्यूजप्रिंटसाठी ठरवलेले रंग चकचकीत कागदावर डोळ्यांत खुपतात. ती मला पटते.

असा खंड सलग वाचायला घेतला तर क्लृप्त्यांची पुनरावृत्ती जाणवते, कारण या गोष्टी महिन्या-महिन्याच्या अंतराने वाचायच्या म्हणून लिहिल्या होत्या. रोज एकच वाचावी, मधूनच कुठलंही पान उघडून.