लाटेकसाठी संदर्भसूचीचे एक्सपोर्ट

झोटेरो, जॅबरेफ, एंडनोट, मेंडेली यांसारख्या संदर्भ-व्यवस्थापक सॉफ्टवेअरमध्ये साठवलेल्या ग्रंथांच्या व लेखांच्या नोंदी लाटेक या टंकरचनेच्या प्रणालीला वाचता येईल अशा बिब फाइलमध्ये, म्हणजे नोंदींच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये, उतरवणे, आणि त्यासाठी लागणारी सेटिंग्ज ठरवणे. नोंदीला कोणती खूण द्यायची, कोणते रकाने फाइलमध्ये जाऊ द्यायचे, अक्षरे कोणत्या एन्कोडिंगमध्ये (संगणकी संकेतनात) लिहायची, लेखकांची नावे कशी तोडायची, शीर्षकातली मोठी अक्षरे कशी जपायची, असे निर्णय यात येतात. प्रबंधाची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी ते घेतले तर काम अर्ध्या तासाचे असते. शेवटच्या आठवड्यात घ्यावे लागले तर शेकडो संदर्भ हाताने तपासावे लागतात.

डोनाल्ड क्नूथ यांच्या टेक या टंकरचनेच्या प्रोग्रॅमवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लाटेक उभारले. त्याला जोडून ओरेन पटाश्निक यांनी लॅम्पोर्ट यांच्यासह १९८५ मध्ये संदर्भसूची बनवणारे बिबटेक तयार केले. लेखकाने मजकुरात फक्त एक खूण लिहायची, ग्रंथाचा सगळा तपशील वेगळ्या साध्या मजकूर-फाइलमध्ये ठेवायचा आणि सूचीचे रूप शैली-फाइलने ठरवायचे, ही त्यामागची रचना. सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना एकाच तक्त्यात क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली, म्हणजे बिबटेक त्याहून जुने. पुढच्या बऱ्याच अडचणींचे मूळ या वयात आहे. २००६ पासून फिलिप लेमन यांनी बिबलाटेक हे लाटेकसाठीचे संदर्भसूचीचे पॅकेज विकसित केले. त्याच्या जोडीला फ्रान्स्वा शॅरेट आणि फिलिप काइम यांनी पर्ल भाषेत लिहिलेला बायबर हा प्रोग्रॅम आला आणि युनिकोडमधल्या नोंदी थेट वापरता येऊ लागल्या.

बिबटेक की बिबलाटेक

एक्सपोर्टच्या खिडकीत हे दोन पर्याय शेजारी शेजारी दिसतात आणि नवा माणूस कोणताही एक निवडतो. दोन्हींतून निघणाऱ्या फाइलचे नाव सारखेच असते, आतले रकाने मात्र वेगळे. बिबटेकमध्ये नियतकालिकाचे नाव ‘जर्नल’ रकान्यात, साल ‘इयर’मध्ये आणि प्रकाशनस्थळ ‘अ‍ॅड्रेस’मध्ये जाते. बिबलाटेकमध्ये त्यांच्या जागी ‘जर्नलटायटल’, ‘डेट’ आणि ‘लोकेशन’ येतात. बिबलाटेक जुनी नावेही समजून घेते. उलट दिशेने तसे होत नाही. बिबलाटेकची फाइल बिबटेकच्या जुन्या शैलीला दिली की नियतकालिकाचे नाव आणि साल सूचीतून गायब होते आणि लॉग फाइलमध्ये रकाना रिकामा असल्याचा इशारा उमटतो.

निवड मुख्यतः प्रकाशकावर अवलंबून असते. आयईईई, एल्सेव्हिअर, अमेरिकन फिजिकल सोसायटी यांचे साचे बिबटेकच्या शैलींवर बेतलेले आहेत. तिथे लेख पाठवायचा असेल तर बिबटेकच घ्यावे. विद्यापीठाचा प्रबंध, स्वतःचे पुस्तक किंवा देवनागरी संदर्भ असलेले कोणतेही लेखन असेल, तर बिबलाटेक आणि बायबर हीच जोडी योग्य.

सायटेशन-की

मजकुरात ज्या खुणेने ग्रंथाचा उल्लेख होतो ती सायटेशन-की. बाकीची सेटिंग्ज चुकली तर सूची कुरूप दिसते. ही चुकली तर संदर्भ खोटा होऊ शकतो, म्हणून ती सर्वांत महत्त्वाची.

झोटेरोचे मूळ एक्सपोर्ट ही की लेखकाचे आडनाव, शीर्षकातला पहिला महत्त्वाचा शब्द आणि साल यांपासून त्या क्षणी बनवते. एकाच लेखकाचे, एकाच साली आलेले आणि एकाच शब्दाने सुरू होणारे दोन लेख असले की फाइलमध्ये नंतर येणाऱ्या लेखाच्या कीला शेवटी एक आकडा जोडला जातो. पुढच्या एक्सपोर्टमध्ये नोंदींचा क्रम बदलला, तर आकडा दुसऱ्या लेखाला लागतो. मजकुरातली खूण तीच राहते आणि ती आता भलत्याच लेखाकडे बोट दाखवते. की सापडलीच नाही तर बिबटेकच्या वाटेने छापील पानावर प्रश्नचिन्ह येते आणि चूक डोळ्यांत भरते. अदलाबदल झालेल्या कीला मात्र कोणताही इशारा मिळत नाही. परीक्षकाने मूळ लेख उघडून पाहिला तरच ती उघडकीस येते.

यावर झोटेरोसाठीचे ‘बेटर बिबटेक’ हे पूरक सॉफ्टवेअर उपयोगी पडते. ते कीचे सूत्र ठरवू देते आणि तयार झालेली की कायम करू देते. आडनाव लहान अक्षरांत, शीर्षकातले तीन शब्द आणि साल, असे त्याचे प्रचलित सूत्र आहे. नोंदीच्या ‘एक्स्ट्रा’ रकान्यात ‘सायटेशन की’ अशी ओळ लिहून की पक्की करण्याची पद्धत त्याच्या वापरकर्त्यांत रुळली आहे. मजकुरात एकदा वापरलेली की पुन्हा बदलू द्यायची नाही, हा नियम सूत्राच्या निवडीपेक्षा मोठा आहे. सूत्र मध्येच बदलले तर पक्क्या न केलेल्या सगळ्या की बदलू शकतात.

जॅबरेफमध्ये हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो, कारण तिथे बिब फाइल हाच मूळ संग्रह असतो. एक्सपोर्ट नसल्याने की आपोआप हलत नाही, पण ‘की तयार करा’ हा आदेश सगळ्या संग्रहावर चालवला तर जुन्या की पुसल्या जाण्याचा धोका असतो. एंडनोटमध्ये ‘लेबल’ हा रकाना रिकामा असेल तर नोंदीच्या अनुक्रमांकापासून की बनते. असा क्रमांक दुसऱ्या संग्रहात नोंद हलवताच बदलतो, म्हणून लेबल स्वतः भरावे. बिबटेकमध्ये फक्त लहान-मोठ्या अक्षरांचा फरक असलेल्या दोन की चालत नाहीत. कीमध्ये स्वल्पविराम किंवा मोकळी जागाही नको.

शीर्षके आणि नावे

बिबटेकच्या अनेक शैली इंग्रजी लेखाच्या शीर्षकातली पहिल्यानंतरची सर्व अक्षरे लहान करतात. डीएनए, पुणे, मराठी अशा शब्दांची रोमन मोठी अक्षरे टिकवायची तर तेवढ्या शब्दांना महिरपी कंस हवेत. जुन्या मेंडेली डेस्कटॉपमध्ये संपूर्ण शीर्षकाला दुहेरी कंस पडत. मोठी अक्षरे टिकत, पण शैलीला काहीच बदलता येत नसे आणि एकाच सूचीत दोन पद्धतींची शीर्षके दिसत. बेटर बिबटेक दुसऱ्या टोकाने जाते. शीर्षक संग्रहात वाक्यासारखे लिहिले आहे असे ते धरते, इंग्रजी नोंदींची अक्षरे एक्सपोर्टवेळी मोठी करते आणि विशेषनामांना कंस घालते. भाषेचा रकाना रिकामा असेल तर नोंद इंग्रजी मानली जाते. रोमन लिपीत लिहिलेले मराठी शीर्षक त्यामुळे विनाकारण बदलते. प्रत्येक मराठी नोंदीच्या भाषेच्या रकान्यात मराठीचा संकेत भरणे हा त्यावरचा साधा उपाय.

नावांबाबत बिबटेकचा नियम असा : स्वल्पविराम असेल तर त्याआधीचे आडनाव, नसेल तर शेवटचा शब्द आडनाव, आणि दोन लेखकांमध्ये इंग्रजी ‘अँड’. व्यक्तींसाठी हे ठीक चालते. संस्थांच्या नावांची मात्र दुर्दशा होते. १९३० साली पुण्यात स्थापन झालेल्या गोखले इन्स्टिट्यूट ऑफ पॉलिटिक्स अँड इकॉनॉमिक्सचे नाव रोमन लिपीत लेखक म्हणून तसेच उतरले, तर बिबटेकला दोन लेखक दिसतात. पहिल्याचे आडनाव ‘पॉलिटिक्स’, दुसऱ्याचे ‘इकॉनॉमिक्स’, आणि मधला ‘ऑफ’ जर्मन नावांतल्या ‘फॉन’सारखा उपपद ठरतो. झोटेरोमध्ये लेखकाच्या नावाशेजारचे बटण दाबून दोन रकान्यांचा एक रकाना केला की एक्सपोर्ट त्या नावाला कंसात बांधते आणि ते अखंड राहते. कुसुमाग्रज, केशवसुत यांसारख्या टोपणनावांसाठीही हीच सोय वापरावी.

फाइलमध्ये काय जाऊ नये

सारांश, कीवर्ड, खासगी टिपणे आणि पीडीएफचा संगणकावरचा पत्ता यांची सूचीला गरज नसते. बेटर बिबटेकमध्ये वगळायच्या रकान्यांची यादी देता येते. सहलेखकाला किंवा संपादकाला फाइल पाठवायची असेल तर पत्ता आणि टिपणे वगळलेलीच बरी. सारांशात कधी महिरपी कंसांची जोडी अपुरी असते आणि एवढ्या एका नोंदीमुळे फाइल वाचताना चूक येते. संकेतस्थळांचे पत्ते ठेवायचे की नाही, हे शैली पाहून ठरवावे. डीओआय (लेखाचा कायमस्वरूपी ओळखसंकेत) असताना लांबलचक पत्ता देऊन जागा अडवण्यात अर्थ नाही.

संग्रह बदलला की फाइल आपोआप नव्याने लिहिली जाण्याची सोय बेटर बिबटेकमध्ये आहे. ती चालू असताना बिब फाइलमध्ये हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या फेरीत पुसली जाते. दुरुस्ती नेहमी मूळ नोंदीत करावी.

देवनागरी संदर्भ

इथे सर्वांत आधी एन्कोडिंग. एक्सपोर्ट यूटीएफ-८ या युनिकोडच्या एन्कोडिंगमध्येच हवे, आणि विशेष अक्षरे लाटेकच्या आज्ञांमध्ये बदलण्याचा पर्याय देवनागरीपुरता निरुपयोगी आहे. ती सोय युरोपीय भाषांतल्या स्वरचिन्हांसाठी आहे. टंकरचनेसाठी झीलाटेक किंवा लुआलाटेक हे लाटेकचे युनिकोड जाणणारे प्रकार वापरावे आणि देवनागरी टंक (फॉन्ट) स्वतंत्रपणे नेमावा. नाहीतर रोमन टंकात ती अक्षरे नसल्याने सूचीत रिकाम्या जागा किंवा चौकोन उरतात.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. मूळ बिबटेक एक बाइट म्हणजे एक अक्षर मानते. लेखकाच्या नावाचे आद्याक्षर घेणारी शैली वापरली की ते पहिला बाइट तोडून घेते आणि उरतो तो अक्षराचा निरर्थक तुकडा. बायबर युनिकोड जाणतो, म्हणून ही मोडतोड होत नाही. कीबाबतही काळजी लागते. देवनागरी आडनावाचे यांत्रिक रोमनीकरण व्यंजनांतला ‘अ’ गाळते आणि ‘कुलकर्णी’ ओळखता येऊ नये अशी की तयार होते. मराठी नोंदींच्या की रोमन लिपीत स्वतः लिहून पक्क्या करणे यापेक्षा चांगला मार्ग नाही.

वर्णक्रमाचा प्रश्न सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकांत क्वचितच येतो, मराठी वाचकाला मात्र लगेच खटकतो. युनिकोडच्या तक्त्यात ळ हे अक्षर ल च्या पाठोपाठ आहे. आपल्या वर्णमालेत ते ह नंतर येते आणि त्यामागून क्ष, ज्ञ येतात. तक्त्याच्या क्रमाने लावलेल्या सूचीत ‘काळे’ आधी आणि ‘काशीकर’ नंतर असतात, ‘क्षीरसागर’ तर क च्या गटात जातात. वर्णमालेनुसार काशीकर आधी आणि क्षीरसागर अगदी शेवटी हवेत. बिबलाटेकमध्ये क्रमवारीची भाषा मराठी अशी नेमली, तर बायबर युनिकोडच्या वर्णानुक्रम-नियमांतला मराठीचा क्रम वापरतो. हे सेटिंग लाटेकच्या दस्तऐवजात करायचे असते, संदर्भ-व्यवस्थापकात नव्हे.

जुन्या मराठी ग्रंथांवर शके छापलेले असते. तारखेच्या रकान्यात ‘शके १८२०’ इंग्रजी अंकांत लिहिले तर सॉफ्टवेअर त्यातला चार अंकी आकडा इसवी सन म्हणून उचलते आणि ग्रंथ ७८ वर्षांनी जुना होतो. त्या रकान्यात इसवी सन द्यावा आणि मुखपृष्ठावरचा शके टिपेच्या रकान्यात ठेवावा. शके १८२० हे १८९८ च्या वसंतात सुरू होऊन १८९९ मध्ये संपले, त्यामुळे महिना ठाऊक नसेल तर नुसते ७८ मिळवून खात्रीचे साल मिळत नाही. बिबलाटेकच्या तारखेच्या रकान्यात अंदाजे सालासाठी आकड्यानंतर नागमोडी रेघ देता येते. बिबटेकच्या ‘इयर’ रकान्यात मात्र ‘१८९८–९९’ असे सरळ लिहिलेले चालते.