लाकडाचा भुसा, यीस्ट आणि तेल: टंचाईत सुचलेली कल्पना

जंगलतोडीनंतर उरलेल्या फांद्या, साल आणि भुसा यांतून साखर काढायची, ती यीस्टला खाऊ घालायची आणि यीस्टच्या पेशींत साठलेल्या तेलापासून डिझेल करायचं. स्वीडन-फिनलंडमधल्या अशा प्रयोगांच्या बातम्या येतात तेव्हा सगळं अगदी नवं वाटतं. प्रत्यक्षात या कल्पनेचे दोन्ही भाग पहिलं महायुद्ध संपेपर्यंत माणसाच्या हाती आले होते.

लाकडातून साखर काढणं तर त्याहूनही जुनं. फ्रान्समधल्या नान्सी इथे आंरी ब्राकोनो या रसायनशास्त्रज्ञाने १८१९ मध्ये चिंध्या आणि लाकडावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून साखर मिळवली होती. पण कारखान्यांपर्यंत ही साखर वेगळ्याच वाटेने पोहोचली. कागदाचा लगदा करताना लाकूड सल्फाइटच्या द्रावणात शिजवतात. त्यात लिग्निनबरोबर (लाकडाचे तंतू एकत्र धरून ठेवणारं द्रव्य) बरीचशी साखरही विरघळते आणि ते पाणी पूर्वी सरळ नदीत जायचं. स्वीडनमधल्या स्कुतशेर इथे १९०९ मध्ये त्याच सांडपाण्यापासून मद्यार्क तयार होऊ लागला. नॉर्वेतली बोरेगार्ड कंपनी १९३८ पासून हेच करते आहे. स्वीडनच्याच अर्नशोल्डस्विकमधली दोमशो गिरणीही याच पठडीतली. २०११ पासून ती आपल्या आदित्य बिर्ला समूहाच्या मालकीची आहे.

तेलाची गोष्ट बर्लिनमध्ये सुरू होते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या नाकेबंदीमुळे जर्मनीत स्निग्ध पदार्थांचा दुष्काळ पडला. चरबी केवळ खाण्यासाठी लागत नव्हती, तिच्यातल्या ग्लिसरीनपासून स्फोटकं बनत. यीस्टचे अभ्यासक पाउल लिंडनर यांनी तेव्हा ‘एंडोमायसिस व्हर्नालिस’ या बुरशीवजा यीस्टकडे लक्ष वेधलं. झाडांच्या जखमांतून पाझरणाऱ्या रसात वाढणारं हे यीस्ट पेशींत भरपूर चरबी साठवतं. अडचण एवढीच की त्याला हवा खूप लागते, म्हणून ते उथळ ताटांत पसरून वाढवावं लागे. एका देशाची भूक अशा ताटांवर भागणं शक्यच नव्हतं. युद्ध संपलं आणि बाहेरून तेल येऊ लागल्यावर हा खटाटोप मागे पडला.

दुसऱ्या महायुद्धात तेच नाटक मोठ्या रंगमंचावर झालं. लाकडातून साखर काढण्याच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाइनरिख शोलर यांच्या पद्धतीत तापवलेलं सौम्य गंधकाम्ल भुशातून झिरपवत, तर फ्रीडरिश बेर्गियुस यांच्या पद्धतीत तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल वापरत. या साखरेवर मद्यार्क आणि गुरांच्या खाद्यासाठी यीस्ट तयार होई. अमेरिकेनेही ओरेगनमधल्या स्प्रिंगफील्ड इथे असा कारखाना उभारायला घेतला, पण तो पुरा होईपर्यंत युद्ध संपलं होतं आणि तो फारसा चाललाच नाही. स्वीडनमध्ये लुंडिन आणि सहकाऱ्यांनी रोडोटोरुला या यीस्टमधल्या चरबीवर १९४६ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर स्वस्त खनिज तेलाचे दिवस आले. फक्त सोव्हिएत संघात लाकडाच्या साखरेचे कारखाने पुढेही कित्येक दशकं चालू राहिले, कारण तिथे बाजारभाव विचारणारं कुणी नव्हतं.

यीस्ट तेल का साठवतं, याचा उलगडा पुढे झाला. त्यात इंग्लंडमधल्या हल विद्यापीठाच्या कॉलिन रॅटलेज यांचा वाटा मोठा. साखर मुबलक पण नायट्रोजन संपलेला, अशा वेळी पेशीला प्रथिनं बनवून वाढता येत नाही. विटांचा ढीग आहे आणि चुना संपलाय, अशा गवंड्यासारखी तिची गत होते. साखरेतून आलेलं सायट्रेट हे संयुग मायटोकॉन्ड्रियात (पेशीच्या ऊर्जाघरांत) तुंबतं आणि बाहेर पडतं, एक खास विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे करतं आणि त्यांपासून चरबी बनते. कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त तेल साठवणाऱ्या यीस्टला तैलधारी म्हणतात. रोडोटोरुला किंवा लिपोमायसिससारख्या जाती ७० टक्क्यांच्या आसपासही जातात. तेलही पामतेलाच्या जवळचं असतं.

हिशेब मात्र रुक्ष आहे. १०० किलो ग्लुकोजपासून कागदावर साधारण ३२ किलो तेल निघू शकतं. हातात २०-२२ किलो आलं तरी उत्तम. त्याच साखरेपासून मद्यार्क ५१ किलोपर्यंत निघू शकतो. मग तेलाच्या मागे का लागायचं? मला पटणारी कारणं दोन. एक म्हणजे डिझेल आणि विमानाच्या इंधनाची जागा मद्यार्क सहजासहजी घेऊ शकत नाही, तेलावर प्रक्रिया करून ती घेता येते. दुसरं कारण झायलोजचं. बर्चसारख्या झाडांच्या लाकडात ही साखर बरीच असते आणि पावाचं नेहमीचं यीस्ट तिला तोंडही लावत नाही. बरीचशी तैलधारी यीस्ट ती खातात. आम्लाच्या उकळीत तयार होणारं फरफ्युरल आणि ॲसेटिक आम्ल त्यांना मारक ठरतं, तेवढं सांभाळावं लागतं.

यारोविया लिपोलिटिका या यीस्टचा प्रवास तर उलटसुलट आहे. १९६० च्या दशकात ब्रिटिश पेट्रोलियम कंपनी खनिज तेलातली हायड्रोकार्बनं यीस्टला खाऊ घालून पशुखाद्यासाठी प्रथिनं करू पाहत होती, त्या यीस्टमध्ये हेही होतं. तेव्हा त्याचं नाव कॅन्डिडा लिपोलिटिका होतं. १९७३ च्या तेलसंकटाने तो हिशेब पार मोडला. पुण्यात अभ्यासला गेलेला या जातीचा एक वाण मुंबईजवळच्या तेलाने माखलेल्या समुद्रातून मिळालेला आहे. आता याच यीस्टकडून साखरेचं तेल करून घेतात. २००४ मध्ये त्याचा जनुकसंच वाचून झाला आणि जनुकांत फेरफार करणं सोपं झालं.

नेस्ते कंपनीने २०१२ मध्ये फिनलंडच्या पोर्वो इथे सूक्ष्मजीवांच्या तेलाचा प्रायोगिक कारखाना सुरू केला. त्याच देशात लापेनरान्ता इथे २०१५ पासून यूपीएम कंपनी जंगलाच्याच उपउत्पादनातून डिझेल काढते, तेही यीस्टशिवाय. लगदा करताना वेगळं निघणारं ‘टॉल ऑइल’ ती वापरते. यीस्टचा खरा प्रतिस्पर्धी हा आहे. हे तेल आयतं मिळतं, यीस्टच्या तेलासाठी आधी लाकूड फोडायचं, मग टाक्यांत सतत हवा फुंकायची आणि शेवटी पेशीही फोडायच्या.

त्यामुळे काही संशोधक इंधनाऐवजी महाग विकल्या जाणाऱ्या मालाकडे वळले. ड्युपॉन्टने फेरफार केलेल्या यारोवियाकडून ओमेगा-३ तयार करवून ते सामन माशांच्या खाद्यात वापरलं. स्वीडनमधल्या कृषी विद्यापीठातही ‘आर्क्टिक चार’ या जातीच्या माशांना लिपोमायसिस खाऊ घालून पाहिलं आहे. माशाच्या खाद्यातल्या तेलाला डिझेलपेक्षा चांगला भाव मिळतो.