दोन ‘ऱ्या’ आणि 640 ओळी

“काका, प्रोग्राम चालंना झालाय.” नांदेडहून पुतण्याचा निरोप, सोबत मोबाईलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो आणि प्रोग्रामची 640 ओळींची अख्खी फाईल. सोयाबीन विकणाऱ्या शेतकऱ्यांची यादी वाचणारा, पायथन या संगणकभाषेतला प्रोग्राम ‘शेतकऱ्याचे नाव’ हा रकानाच सापडत नाही म्हणत होता. फोटोत तर रकाना ठळक दिसत होता! पोराने लॅपटॉप दोनदा फॉरमॅट केला होता. लिंबू-मिरची तेवढी बांधायची राहिली होती.

सगळं पाठवलं की मदत लवकर मिळते, हा समज उलटा आहे. समोरच्याला हवा असतो सगळ्यात लहान तुकडा, जो त्याच्याही मशीनवर तीच चूक दाखवेल. तो मिळवायची रीत मला फार आवडते. निम्मा कोड काढा, चालवा. तीच चूक आली, तर काढलेलं अनावश्यक होतं. नाही आली, तर ते परत ठेवून दुसरा निम्मा काढा. सात वेळा निम्मं झालं की 640 च्या 5 ओळी उरतात. पण कधी कुठलाच अर्धा भाग एकटा चूक दाखवत नाही, कारण चूक दोघांच्या गाठीत असते. मग चतकोर काढून पाहायचा, मग त्याचाही निम्मा. झेलर आणि हिल्डेब्रांट या संशोधकांनी 2002 मध्ये हे काम संगणकाकडूनच करवून घेतलं. छापायला गेलं की मोझिला ब्राउझर बंद पाडणारं 896 ओळींचं पान त्यांनी एका ओळीवर आणलं.

पुतण्याच्या हाती शेवटी दोन ओळी उरल्या: यादीच्या फाईलमधलं रकान्याचं शीर्षक आणि प्रोग्राममधलं तेच शीर्षक. दिसायला एकच, पायथनच्या मते वेगळी. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेत देणाऱ्या पद्धतीत, ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त, य, काना: चार संकेत. दुसऱ्यात साधा र, हलन्त, न दिसणारा जोडक, य, काना: पाच. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण करूनही हे दोन एक होत नाहीत. फोटोत हा जोडक कसा दिसणार? म्हणून कोड मजकूर म्हणूनच पाठवायचा, पायथनची आवृत्ती सांगायची, आणि यादीतली खरी नावं, आधार क्रमांक काढून एक खोटी ओळ घालायची.

त्या दोन ओळी आल्या तेव्हा मी लातूरच्या एसटीत उभा होतो. तिथूनच कळवलं, “शीर्षक टाइप करू नको, फाईलमधूनच कॉपी कर.”