क्रूस आणि कालवरी: उंची मोजू नका, माणसं मोजा

फ्रान्सच्या ब्रिटनीतला कुठलाही दगडी क्रूस दिसला की फोटोखाली 'कालवरी' लिहून लोक मोकळे होतात. खुद्द फ्रेंच माणसंही बोलताना हाच घोळ घालतात, म्हणून तो मिटत नाही.

क्रूस आपल्याला ठाऊक आहे. वसईत, वांद्र्याच्या गावठाणात, गोव्यात खुरीस म्हणून तो वाटेवर भेटतो: ओटा, त्यावर एकटा क्रूस, फार तर अंगावर कोरलेले खिळे नि शिडी.

कालवरीत मात्र येशूला क्रुसावर दिलं त्या कालवरी टेकडीवरचा प्रसंग उभा असतो. येशूखेरीज तिथं हजर असलेलं आणखी कोणी दगडात हवंच, निदान त्याची आई मारिया आणि शिष्य योहान. उंचीचा इथे काही संबंध नाही. उंचच उंच खांबावर एकटा येशू असेल तर तो क्रूसच. माणसाएवढ्या खांबावर ही दोघं असतील तर ती कालवरी. ओळखायचं असेल तर खांबावरची खालची आडवी पट्टी बघा. तिच्या टोकांवर मूर्ती असतात. मारिया येशूच्या उजवीकडे, म्हणजे आपल्या डाव्या हाताला. मग मागे जा. पुष्कळदा एकाच दगडात पाठीला पाठ लावून दोन संत कोरलेले असतात, ते समोरून दिसतच नाहीत. पट्टीची टोकं रिकामी असतील तर घाईने 'क्रूस' म्हणू नका, मूर्ती पडून गेलेल्या असू शकतात. उलट, एकट्या येशूच्या पाठीला बाळ घेतलेली मारिया असेल, तर तेवढ्यावर मी त्याला कालवरी म्हणणार नाही. ती मारिया त्या प्रसंगातली नव्हे.

मोठ्या कालवरींत येशूसोबत क्रुसावर दिलेल्या दोन्ही चोरांचे वेगळे क्रूस असतात आणि चौथऱ्यावर प्रसंगांची गर्दी. गिमिलियो गावच्या कालवरीवर (1581-88) सुमारे 200 मूर्ती आहेत. पण ही 'क्रुसाची वाट', म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटेवरच्या चौदा प्रसंगांची मांडणी, नव्हे. चौदा स्थानं मोजत बसाल तर फसाल, कारण येशूचा जन्मही त्याच चौथऱ्यावर असतो.

कोरलेल्या सालावरही डोळे मिटून विसंबू नये. गेएनो गावच्या दफनभूमीतली ग्रॅनाइटची कालवरी 1550 ची म्हणून सांगतात. ती 1794 मध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीत, क्रांतिकारकांनी फोडली. गावकऱ्यांनी तुकडे लपवून ठेवले, आणि 1853 मध्ये तिथल्या धर्मगुरूंनी आपल्या सहायकाला हाताशी धरून ती पुन्हा उभी केली. त्यामुळे तिथली प्रत्येक मूर्ती सोळाव्या शतकातली समजू नका. समोरच्या खांबावरचा कोंबडा नुसता शोभेचा नाही, कोंबडा आरवण्याआधी शिष्य पेत्राने येशूला नाकारलं त्याची ती खूण आहे.

आणि कृपा करून प्रत्येक कालवरीला 'ग्रॅनाइटची' म्हणू नका. ब्रेस्तच्या खाडीकाठी केर्सांतों नावाचा गडद करडा, बारीक कणांचा दगड निघतो. तो ग्रॅनाइट नाही. खाणीतून ताजा निघालेला सहज कोरता येतो, मग हवेत कडक होतो. म्हणून चारशे वर्षांनंतरही बटा नि चुण्या धारदार राहतात. प्लुगास्तेलची कालवरी (1602-04) त्यातली. ती 1598 च्या प्लेगनंतर उभारली, आणि तिच्या खांबावरचे गोळे प्लेगच्या गाठी समजले जातात. ग्रॅनाइटचे कण जाड, त्यामुळे नाकडोळे आधी जातात, वर दगडफूल चढतं. पंधराव्या शतकातल्या त्रोनोएनच्या कालवरीत कित्येक चेहरे असेच पुसट झालेत. तिथे माणूस ओळखायचा तो उभं राहण्यावरून आणि हातातल्या वस्तूवरून.